कुंकू लागलेला कागद

खानदेशातली निम्मी लग्नं माझ्या फुवांनी खळ लावून चिकटवली आहेत, असं मी म्हटलं तर हसू नका. मी जन्मभर मास्तरकी केलेली बाई आहे. थापा मारणाऱ्यांना मी बाकावर उभं केलंय, स्वतः कशाला मारीन? फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. जळगावात कापसाच्या एका प्रेसमध्ये ते गाठींवर मार्का मारायचे. म्हणजे पत्र्याचा छाप गाठीवर धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. इंग्रजी अक्षरं अशी झोकात उमटवायचे की साहेबानंही बघत राहावं. पण त्यातलं एक अक्षर वाचायला सांगा, लगेच कानावर हात! मराठीचीही तीच गत. स्वतःची सही तेवढी यायची, तीसुद्धा ते लिहायचे नाहीत, काढायचे.

प्रेसमधून घरी आले, हातपाय धुतले, की हा माणूस चिकटवायला बसायचा. नुसते कागद नव्हेत हो! कापडाच्या ठाणांवरचे रंगीत छाप, आगपेटीवरची चित्रं, फाटके पतंग, जुन्या लुगड्यांचे काठ, फुटक्या बांगड्या, केळीचं वाळकं सोपट, सरकी, कापूस, काय वाट्टेल ते. हे सगळं फळीवर थरांवर थर चिकटवायचं आणि वरून गेरू, नीळ, हळद, काजळी यांनी रंगवायचं. रस्त्यात काही रंगीत दिसलं की फुवा वाकलेच म्हणून समजा. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत चालता चालता हे मध्येच मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. दोघांनी बखोटीला धरून उठवलं, पाणी पाजलं. घरी येऊन मूठ उघडली तर आत आगपेटीवरचा हत्ती! त्या दिवशी फुईनं त्यांना जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

फुईचा खरा राग मेथ्यांवरून असायचा. खळीत मेथ्या वाटून घातल्या की कागदाला कसर लागत नाही, हे फुवांना कुणीतरी सांगितलेलं. तेव्हापासून घरात मेथ्या टिकल्याच नाहीत. लोणच्याचा मसाला करायला बसावं तर डबा रिकामा. "ह्या घरमा मानसंस्ना लोनचाले मेथी नही, कागदले शे!" असं फुई चुलीपाशी बसून भिंतीला सांगायची. फुवा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि हातातल्या चिटोऱ्याला कुरवाळत मला म्हणायचे, "देख, हाऊ कागद मरेल नही शे, झोपेल शे." मग त्याला खळ लावून इतक्या हळू ठेवायचे, जसं काही झोपलेलं तान्हं बाळच पाळण्यात घालताहेत.

पण माणूस प्रामाणिक हं. घरातला कुठलाही कागद तीनदा विचारल्याशिवाय उचलायचे नाहीत. वाचता येत नसल्यामुळे ती धास्ती त्यांना कायमचीच. फक्त एका कागदाला विचारणं नव्हतं: लग्नपत्रिकेला. चारी कोपऱ्यांना कुंकू लावलेली पत्रिका घरात आली की फुई ती देवापाशी ठेवायची आणि लग्न उरकलं की ती फुवांची. हा घरचा कायदाच होता. त्यामुळे कुणाची पत्रिका कुठे गेली, हे त्यांना तोंडपाठ. चाळीसगावच्या मामेभावाचं लग्न कुठे? डाव्या बुरुजाखाली. अमळनेरच्या साडूच्या मुलीचं? ती ढगात.

बुरूज म्हणजे पारोळ्याच्या किल्ल्याचा. फुई पारोळ्याची. तसं पारोळं जळगावाहून काही लंकेत नाही, पण तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे सात वर्षं फुईला माहेरी पाऊल टाकता आलं नव्हतं. ती कधी बोलली नाही, फुवांनी कधी विचारलं नाही. त्यांनी फक्त खोक्याच्या फळ्या जोडून दाराएवढा फळा केला, ओसरीत उभा केला आणि त्यावर पारोळ्याचा किल्ला चढवायला घेतला. सोपटाचा तट, निळ्या काचांचा खंदक, कापसाचे ढग, आणि मधोमध गेरूनं रंगवलेला दरवाजा, त्यावर खिळ्यांच्या जागी सरकी. फुई म्हणायची, "येडं खूळ!" पण पाणी भरायला जाताना येताना त्या दरवाजाला हळूच हात लावायची. मी एकदा पकडलं तर लाजली. म्हणाली, "काही नही व. पारोयाले जाई येस." हात लावला की तिचं पारोळ्याला जाऊन येणं झालं!

मी त्यांच्याकडे शिकायला होते. सातवीची फायनल पास झाले आणि फुईला आभाळ ठेंगणं झालं. दाखला हातात आला तेव्हा तिनं तो देवापाशी ठेवला, निरांजन ओवाळलं आणि शुभकार्याचा कागद म्हणून चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं. आता पुढचं सांगायला नकोच, पण सांगते. तिसऱ्या दिवशी फुवांनी तो तिथून उचलला.

आम्हाला याचा पत्ता नाही. महिनाभरानं धुळ्याहून पत्र आलं: मास्तरणींच्या ट्रेनिंगसाठी जागा आहे, सोमवारी मूळ दाखला घेऊन हजर व्हावं, नाहीतर जागा दुसरीला जाईल. रविवारी सकाळी माझे वडील, नाना, मला पोचवायला पारोळ्याहून आले. त्यांनी मला आधीच बजावलेलं होतं की धुळ्याला जागा मिळाली तर शीक, नाहीतर शिंदखेड्याचं स्थळ पक्कं. मुलगा चांगला होता, असं सगळे म्हणत. असेल! मला तेव्हा मुलगा नको होता, शाळा हवी होती.

देवापाशी दाखला नाही. आम्ही डबे उपसले, गोधड्या झटकल्या, फुईच्या सासूबाईंची उशीसुद्धा उसवली. नाना ओसरीत बसून म्हणाले, "दाखला नही ते शिंदखेडं तयारच शे." मला रडू फुटलं. तेवढ्यात फुवा बाजारातून आले. फुईनं विचारलं, "देवपाशी कुंकू लायेल कागद व्हता, देखा का?"

फुवांनी हातातली भाजी खाली ठेवली. "कुंकू कोन्ही लायं?" त्यांनी विचारलं.

"मी लायं. पोर पास व्हयनी ना!"

"माले वाटनं, लगीननी पत्रिका शे."

कुठे चिकटवला, हे त्यांना विचारावं लागलं नाही. ते सरळ किल्ल्याकडे बघत राहिले, मधोमध, दरवाजाकडे. चांगला जाड कागद म्हणून जुना दरवाजा काढून त्यांनी तो तिथे लावला होता, अक्षरं आत, पाठ बाहेर, आणि पाठीवर गेरू आणि सरकी.

फुईच पहिल्यांदा हलली. "फाडा ते दार," ती म्हणाली. "मन्हं माहेर पारोयाले शे, ह्या फयावर नही." बोलली ठणकावून, पण डोळे भरले होते. तिकडे बघवत नव्हतं.

"फाडू नका कोनी," फुवा म्हणाले. "झोपेल शे तो. मी उठाडस."

मग दुपारभर ओसरीत ऊन पाण्याचं पातेलं, जुन्या धोतराचा बोळा आणि फुवा. एकेक सरकी नखानं काढली. भोवतालच्या तटाचं सोपट सुटलं, खंदकाच्या काचा टपटप खाली आल्या, गेरूचे ओघळ फळ्यावरून वाहिले. जीव लावून केलेलं काम हा माणूस स्वतःच्या हातानं सोडवत होता, आणि घाई म्हणून नाही. नाना आधी जांभया देत होते. नंतर उठून तेही पातेल्यात पाणी घालू लागले. उन्हं कलताना दाखला फळ्यावरून अख्खा निघाला. कोपऱ्यांवर कुंकू पसरून गुलाबी झालेलं, पण माझं नाव जागच्या जागी. फुवांनी तो फुईच्या लुगड्यावर पसरून वाळवला आणि माझ्या हातात देताना पहिल्यांदाच विचारलं, "याना वर काय लिखेल शे?" मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला पोचलो. तिथल्या मोठ्या बाईंनी दाखला उलटसुलट केला, नाकाशी नेला. "याला मेथीचा वास कसा?" मी सांगायला तोंड उघडलं आणि हसू की रडू असं झालं. त्यांनी पुढे विचारलं नाही, नाव लिहून घेतलं.

दोन वर्षांनी मास्तरीण होऊन जळगावला गेले. सासूबाई तोवर गेल्या होत्या. फुई आता हवं तेव्हा पारोळ्याला जाऊन यायची. किल्ला पुन्हा उभा होता. तट नवा, खंदकात काचा जास्तच. पण मधोमध दाखल्याएवढी फळी तशीच उघडी. मी म्हटलं, "फुवा, हे भोक तेवढं बुजवा ना. माझ्या जिवाला लागतं." खळीचा हात धोतराला पुसून ते माझ्यावर खेकसलेच, जन्मात पहिल्यांदा: "भोक नही शे ते! दार शे. मन्ही पोर तठून गयी."

आता दोघंही नाहीत. दाखला माझ्याकडे आहे. पाठीवरचा गेरू मी कधी पुसला नाही, आणि पावसाळ्यात पेटी उघडली की अजून मेथीचा वास येतो. पण मला आठवते ती फुवा खेकसले त्याच दिवशीची संध्याकाळ. फुई कळशी घेऊन निघाली आणि जाता जाता त्या उघड्या फळीला तिनं हळूच हात लावला. मी चिडवलं, "काय फुई, पारोळ्याला का?"

"नही व," ती म्हणाली, "धुयाले जाई येस."