अक्काचं 'होणे नाही'

आमच्या ऑफिसात एकदा साप निघाला. चेन्नईतल्या गिंडीच्या त्या औद्योगिक वसाहतीत मागे झाडी असल्यामुळं ही काही फार नवलाची गोष्ट नव्हती. पण हा जिन्यानं वर येऊन थेट आमच्या खोलीत शिरला आणि आम्ही सगळे टेबलांवर चढलो. अक्का तेवढी खाली. तिनं आधी दोन कळा दाबून आपल्या कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, पासवर्डाशिवाय उघडणार नाही असा. मग निऱ्या आवरल्या, मग बाजूला झाली. साप गेल्यावर मी म्हटलं, "अगं अक्का, सापाला वाचता येतं का?" ती म्हणाली, "सापाला येत नाहीं. त्याच्या मागनं काठी घेऊन येणाऱ्या माणसाला येतें."

अक्का तंजावरकडची मराठी. तिचे पूर्वज कधीकाळी राजाच्या पदरी तिकडं गेले आणि तिकडचेच झाले. तिची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, नाकातले सगळे अनुस्वार शाबूत, आणि चाल मात्र पक्की तमिळ. मी मिरजेहून पहिल्या नोकरीला चेन्नईत आलेली, तमिळचं अक्षर न येणारी. पहिल्या दिवशी तिनं "काय पोरी, जेवलीस कां?" विचारलं तेव्हा मी रडायचीच बाकी होते. आमच्याकडंही थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, त्यामुळं अहो-जाहो आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. राहायलाही आम्ही दोघी वेस्ट मांबलमला, दोन गल्ल्यांच्या अंतरावर.

मोबाइलला अजून बटणं होती त्या काळातली ही गोष्ट. खाली लेथ मशिनची घरघर आणि वर आमची छोटी कंपनी. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना आम्ही सॉफ्टवेअर द्यायचो आणि त्यांच्या पेशंटांची सगळी माहिती आमच्या सर्व्हरवर असायची. त्या सर्व्हरची राखण अक्काकडं. कुणाला काय दिसावं, कुणाला काय दिसू नये, हे ती ठरवायची. मालकांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. त्या सरांनाही तिनं सगळी दारं उघडून दिली नव्हती. ते एकदा चिडले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही कंपनीचे मालक, सर. लोकांच्या रक्ताचे नव्हे." सर हसले. तोवर ते हसत होते.

नवा प्रोग्रॅम नीट चालतो का हे बघायला पेशंट लागतात. खरी माहिती हाताशी होती, उचलली की काम झालं. अक्का उचलू देईल तर शपथ! तिनं त्यासाठी स्वतःच माणसं बनवली होती. सुब्बूराव, वय बावन्न, साखर भयंकर, गोड सोडत नाही. कावेरीबाई, रक्त कायम कमी, कारण घरात सगळ्यांच्या शेवटी जेवते. अशी शंभरेक. आम्हाला ती शेजाऱ्यांसारखी पाठ झाली होती. डबा खाताना कुणी म्हणायचं, "आज सुब्बूरावाची साखर चारशे दाखवतेय." लगेच दुसरा म्हणायचा, "काल लग्नाला गेला असेल." चूक प्रोग्रॅमची असायची, बोलणी सुब्बूराव खायचा.

तिची एक गोष्ट मात्र लोकांना टोचायची. कुणी नोकरी सोडली की निरोपाची कॉफी यायच्या आधी ती त्याचं नाव सिस्टिममधून काढून टाकायची. आमचा सेंथिल सिरुसेरीच्या मोठ्या कंपनीत निघाला, तेव्हा तिनं स्वतः केलेला मैसूरपाक त्याच्या हातात ठेवला आणि तेवढ्यात त्याचं खातंही बंद केलं. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. "अक्का, माझ्यावर विश्वास नाही?" तिनं त्याला बसवून घेतलं. "आहे म्हणून काढलें. चावी तुझ्याकडं राहिली, आणि उद्यां इथलें काही हरवलें, तर पहिलें नाव तुझें येईल. आतां कोणी तुझें नाव घेणार नाहीं." मला तेव्हा तो सगळा कोरडेपणाच वाटला होता.

"होणे नाही" हा तिचा शब्द. कुणी पासवर्ड मागितला, कुणी म्हणालं पाच मिनिटं तुझ्या नावानं शिरू दे, की ती आधी सवयीनं मराठीतच म्हणायची, "तें होणें नाहीं," आणि मग तमिळमध्ये समजावून सांगायची. समजावण्याची गरज नसायची. ऑफिसभर सगळ्यांना मराठीतले तेवढेच दोन शब्द येत होते, सरांनासुद्धा.

मग ती औषध कंपनी आली. साखर उतरवणाऱ्या गोळ्या विकणारी. त्यांना आमच्या सर्व्हरवरच्या, साखर जास्त असलेल्या सगळ्या पेशंटांची नावं आणि फोन नंबर हवे होते. बदल्यात त्यांच्या सगळ्या दवाखान्यांत आमचं सॉफ्टवेअर बसणार होतं. आमची कंपनी तेव्हा डबघाईला आलेली. सरांनी घर गहाण टाकलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनी अक्काला सगळ्यांसमोरच सांगितलं, सोमवारपर्यंत यादी काढ.

अक्का उभी राहिली. उठताना पडदा बंद केलाच. "सर, तें होणें नाहीं."

सर म्हणाले, "कायद्यात कुठं मना आहे, दाखव."

"नाहीं दाखवतां येत. पण माणूस लॅबमध्यें हात पुढें करतो तो रक्त तपासायला. फोन नंबर देतो तो रिपोर्ट झाला हें कळायला. तुम्हांला द्यायचाच असेल तर लॅबला विचारा. ते पेशंटला विचारोत."

"विचारलं तर लोक नाही म्हणतील."

"मग उत्तर तुम्हांला ठाऊक आहे, सर."

सरांचा चेहरा लाल झाला. "कंपनी बुडाली तर तुझा सुब्बूराव पगार देणार का सगळ्यांना?"

दुपारी मी अक्काला बाजूला घेऊन एक अक्कल शिकवली. म्हटलं, त्यांना तुझी खोटी माणसं दे. सुब्बूरावाला करू देत फोन! ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मी खजील झाले. "खोटें कशाला बोलायचें? नाहीं म्हणायचें आहे, तर नाहींच म्हणूं." 

शुक्रवारी सरांनी तिला दोनच वाटा दिल्या: यादी दे, नाहीतर सर्व्हरचा ताबा मिरजेच्या मुलीकडं, म्हणजे माझ्याकडं, दे. अक्कानं ताबा दिला आणि सोबत राजीनामाही दिला. मग ती माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "माझें नाव काढ."

"सोमवारी काढते की. कुठं पळून जातंय?"

"आत्तां. तू काढ, मी बघतें."

मी काढलं. खरं सांगते, घरातल्या माणसाचं नाव शिधापत्रिकेवरून खोडल्यासारखं वाटलं. मी विचारलं, "अक्का, सोमवारी सर मला सांगतील. मी काय करू?"

"तें मी कसें सांगूं? माझें नाव राहिलें असतें तर तू म्हणाली असतीस, अक्काला विचारा. आतां विचारायला कोणी नाहीं. तुझें तूच."

मला तिचा भयंकर राग आला. धीर देईल म्हणून विचारलं, तर ही मला भर रस्त्यात सोडून निघाली! ती पर्स काखेला मारून जिना उतरली. खाली लेथ चालू होतं, त्यात तिच्या चपलांचा आवाजही आला नाही.

सोमवारी सरांनी बोलावलं. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत मी इंग्रजी वाक्यं घोकत आले होते, नम्र, लांबलचक, कुणालाही न दुखावणारी. सरांनी विचारलं, "यादी किती वाजेपर्यंत होईल?" आणि माझी सगळी वाक्यं पळाली. तोंडातून निघालं, "सर, ते होणे नाही."

सरांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. ते इंग्रजीत म्हणाले, "हे अक्का बोलतेय."

"अक्काचं नाव शुक्रवारीच काढलंय, सर. हे मी बोलतेय."

मला वाटलं, आता माझंही नाव काढायला सांगतील. ते म्हणाले, "जा, काम कर." यादी गेली नाही. औषध कंपनीही गेली. पुढं सरांनी आपलं घर विकलं, पण कंपनी टिकवली; आणि त्या घराचं मला अजूनही वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी मी मांबलम स्टेशनवरून तडक अक्काकडं गेले. तिनं आधी पान मांडलं. भात कालवत मी सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. शाबासकीची वाट बघत बसले. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरांकडं गेलीस, तेव्हां पडदा बंद करून उठलीस कां?"

मी आठवून बघितलं. सरांच्या केबिनपर्यंत कशी चालत गेले तेही आठवत नव्हतं. पण हातानं त्या दोन कळा दाबल्या होत्या.

"केला होता," मी म्हटलं.

"सरी, बरें," अक्का म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक डाव सांबार वाढलं.