शाकाहारी घर

नर्सिंगची तीन वर्षं आम्ही दोघी साताऱ्याच्या हॉस्टेलवर एकाच खोलीत राहिलो. मी फौजेतून परतून ऊस लावणाऱ्या बापाची मुलगी, ती कऱ्हाडच्या बांगडीवाल्या मुसलमान घरातली. पुढं नोकरीही सांगलीत एकाच दवाखान्यात लागली, म्हणून दोघींसाठी खोली बघायला निघालो.

"बोलायचं काम माझं," मी रिक्षातच तिला बजावलं. "तू नुसती हस." स्वतःच्या चतुराईचं मला केवढं कौतुक!

घरमालकीणबाई मोठ्या प्रेमळ. माझं आडनाव ऐकताच त्यांनी चहा टाकला, गाव विचारून लांबचं नातंही काढलं. मग मैत्रिणीकडे वळल्या, "आन तू गं, कुणाची?" तिनं हसत आडनाव सांगितलं. बाईंनी चहाखालचा गॅस बंद केला.

"त्याचं काय हाय, आमचं घर शाकाहारी. आमाला वास सोसत न्हाई."

"आवं काकू, मी अंडंसुद्धा खात नाही," मैत्रीण म्हणाली. खरंच होतं ते. "मटण हिला लागतं. नळ्या फोडून खाते."

बाईंनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "तिचं चालंल की. आपल्यातलीच हाय ती."

इथं मी ताडकन उठून बाहेर पडले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी विचारलं, पाणी किती वेळ येतं? दवाखाना पाच मिनिटांवर होता, आणि तत्त्वं काय, नंतरही पाळता येतात.

तिला स्टेशनपलीकडे, तिच्या माणसांच्या गल्लीत खोली मिळाली. तीन आठवडे ड्यूटीवर ती मला 'सिस्टर' म्हणत होती, परक्या बाईला म्हणावं तसं. शेवटी कपडे बदलायच्या खोलीत मी तिला गाठलं. "चुकलं माझं."

"चुकलंच. ती बाई नाही म्हणाली, ते मला नवीन नाही. तू पाण्याचं विचारलंस, ते लागलं."

मला रडू फुटलं. तिनं समजूत घातली नाही, रुमाल मात्र दिला.

महिनाअखेरीस मी बाईंची खोली सोडली. कारण सांगितल्यावर बाई चकित झाल्या. "एवढ्यासाठी? आमचं काय त्यांच्याशी वैर न्हाई गं. आमचा भाजीवालासुदिक त्यांच्यातलाच हाय."

आता आम्ही दोघी तिच्याच खोलीवर राहतो. तिच्या मालकांनीही मला आडनाव विचारलं, दोन दिवस विचार केला आणि मग हो म्हटलं. गावाकडं आईला पत्ता सांगताना मी अजून गल्लीचं नाव गिळते, नुसतं 'स्टेशनजवळ' म्हणते. मैत्रीण समोर मेथी निवडत ऐकत असते. फोन ठेवला की आमचं भांडण सुरू होतं, आणि त्यात दरवेळी मीच हरते.