फ्लेक्सवरचा गोलकीपर

अप्पा गेले तेव्हा माझा धाकटा भाऊ परदेशात होता, देशाच्या संघाबरोबर. आशियातल्या सगळ्या देशांचे मिळून जे खेळ भरतात, तिथं पुरुषांच्या फुटबॉलमध्ये तेवीस वर्षांखालची पोरं खेळतात, दोन-तीन मोठे सोडले तर. त्या संघात जनवाड्याचा पोरगा आहे हे आमच्याच गावातल्या निम्म्या लोकांना खरं वाटत नव्हतं. तो गोलकीपर, आणि तोही राखीव. पहिले दोन सामने तो बाकावरच होता. टीव्हीवर बाक दिसला की अप्पा उठून पडद्याला नाक लावायचे. दुसऱ्या सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी मुख्य गोलकीपरचा खांदा निखळला, म्हणजे तिसऱ्या सामन्यात आमचा उभा राहणार हे ठरलं. अप्पांनी ते गल्लीभर सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तोंड धुता धुता ते खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

अप्पा बिदरच्या बस डेपोत मेकॅनिक होते. फुटबॉल त्यांना कधी कळला नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे भावानं त्यांना ताटातल्या शेंगा मांडून समजावलं होतं, तर त्यांनी ऐकता ऐकता शेंगाच खाऊन टाकल्या. पण विहारामागच्या मोकळ्या जागेत भंगारातल्या पाइपांचे गोलपोस्ट त्यांनीच उभे केले. पोराला लहानपणी दमा होता. डॉक्टर म्हणाले, याला फार पळवू नका. पोरगं तर खेळायचं सोडेना. तेव्हा अप्पांनी त्याला गोलपोस्टमध्ये नेऊन उभं केलं आणि सांगितलं, "हितं थांबून खेळ. पळणारे पळतेत." तो गोलकीपर झाला तो असा.

मी चिटगुप्प्याला नोकरीला आहे. मी घरी पोचले तेव्हा अप्पांना मधल्या खोलीत ठेवलं होतं आणि बाहेर भावाला कळवायचं की नाही यावर बोलणं चाललं होतं. काका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, म्हणत होते की बापाच्या मातीची खबर पोराला द्यायलाच पाहिजे, उद्या तो आपल्याला काय म्हणेल. मला काकांचंच पटत होतं. माय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सांगायचं न्हाई. सांगितलं की ते निघंल. निघालं तरी मातीला पोचत न्हाई, अन् तिकडंबी उभं ऱ्हात न्हाई. मग ह्यांनी ते पाइप कामून रोवले?"

सामना परवा होता. सामना झाला की सांगायचं आणि जलदान विधी तो आल्यावर करायचा, असं ठरलं.

ठरवणं सोपं होतं. भाऊ रोज दुपारी मायला फोन करायचा आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "अप्पा काय करायलेत?" त्या दिवशीही फोन आला. अप्पा मधल्या खोलीत होते. माय फोन घेऊन परसात गेली. नेमकी त्याच वेळी मंठाळची आत्या रिक्षातून उतरली. आमच्याकडं मातीला येणारी बाई गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडते. तिनं सूर लावला आणि मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. सख्ख्या भावासाठी रडणाऱ्या बाईचं तोंड मी दाबून धरलं होतं. मी कानापाशी हात नेऊन फोनची खूण केली, तेव्हा तिला कळलं, आणि ती पदर तोंडात कोंबून तिथंच रस्त्यात बसली. मी परतून परसात गेले, तेव्हा माय सांगत होती, "लग्नाला गेलेत रे, डेपोतल्या कुणाच्या. फोन घरीच विसरलेत." पलीकडून भावाचं हसणं मला ऐकू आलं.

संध्याकाळी माती झाली. पहिली मूठ मी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका धापा टाकत आले आणि म्हणाले, "स्टँडवर चल." स्टँडवर फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, मध्ये अप्पांचा डेपोतल्या गणवेशातला फोटो, आणि खाली शोकाकुल म्हणून आमच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं, त्यातली काही तर गॉगल लावून. आणि त्या सगळ्यांत मोठा, खुद्द अप्पांपेक्षाही मोठा फोटो माझ्या भावाचा. हातमोजे घातलेला, दोन्ही हात पसरलेला, हसणारा. भावाची निवड झाली तेव्हा अभिनंदनाच्या फ्लेक्सवर हाच फोटो होता. तोच पोरांनी इकडं चिकटवला होता.

माझं टाळकंच सरकलं. मी भर स्टँडवर त्या पोरांना उभं-आडवं घेतलं. त्यांचा पुढारी म्हणवणारा पोरगा बिचारा खाली मान घालून म्हणाला, "अक्का, आमी काय वाईट केलाव? एवढा मोठा खेळाडू घरात अन् शोकाकुलमधी त्याचाच फोटो न्हाई, तर लोक काय म्हणतील? अप्पाचा अपमान न्हाई का?"

"अरे, ज्याच्यापासनं लपवायलोत त्याचाच फोटो लावलाव!"

"फ्लेक्स हितं हाय अक्का, अन् त्यो तिथं. त्याला कसं दिसंल?"

त्यांना वाईट करायचंच नव्हतं. रात्रीतून बिदरला जाऊन छापून आणलं होतं बिचाऱ्यांनी. मी विचारलं, "स्टेटसला कुणी कुणी ठेवलाय?" तेव्हा सगळ्यांचे हात एकदम खिशात गेले. माझ्यासमोर सगळ्यांनी ते काढून टाकलं. फ्लेक्स उतरवला, घडी घालून आमच्या परसात आणून ठेवला. पुढारी पोरगा गौतम बुद्धांची शपथ घ्यायला निघाला, मी म्हटलं, त्यांना तरी सोड.

दुपारी फोन वाजला तेव्हा आम्ही सगळे मायभोवती बसलो होतो. मायनं आज काय सांगायचं ते जुळवून ठेवलं होतं, अप्पांना जरा सर्दी झालीय, झोपलेत. पण ते सांगायची वेळच आली नाही. भावानं विचारलं, "माय, जेवलीस का?" मग म्हणाला, "नीट जेव. भाकर खा." मग उद्याचा सामना किती वाजता आहे ते सांगितलं, हवा गार आहे म्हणाला, आणि फोन ठेवला. अप्पांचं नावसुद्धा काढलं नाही. सगळ्यांनी हुश्श केलं. मला मात्र बरं वाटण्याऐवजी त्याचा रागच आला. एवढ्या मोठ्या ठिकाणी गेला की बाप काय करतो हे विचारायलाही सवड नाही होय, असं माझ्या मनात आलं, आणि मी ते काकांना बोलूनही दाखवलं.

दुखवट्याच्या घरात टीव्ही लावत नाहीत. आमच्या घरात चूलही पेटली नव्हती, शेजारचेच पिठलं-भाकरी आणून देत होते. पण दुसऱ्या दिवशी सामन्याची वेळ झाली तशी माय उठली आणि तिनंच टीव्ही लावला. सतरंजीवर बसायला आलेली माणसं होती, ती तशीच बसून राहिली. हळूहळू फ्लेक्सवाली पोरंही येऊन दाराशी टेकली. भाऊ मैदानात आला. खेळ सुरू व्हायच्या आधी तो गोलपोस्टपाशी गेला, दोन्ही हातांनी खांब धरला आणि त्याला कपाळ टेकवून उभा राहिला. पंचानं हाक मारली असावी, मग तो वळला. मायनं माझा हात घट्ट धरला.

तो चांगला खेळला हे मी बहीण म्हणून सांगत नाही. अंग टाकून टाकून त्यानं किती चेंडू अडवले. एरवी एकेका चेंडूला गल्ली दणाणली असती, पण आमच्या घरात नुसतं नाकातून श्वास सोडल्याचं ऐकू यायचं. शेवटी-शेवटी एक चेंडू बचाव करणाऱ्या आमच्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेला. तेवढ्या एका गोलानं संघ हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. दारातलं एक पोरगं रडायला लागलं, त्याला दुसऱ्यानं बाहेर नेलं.

आता सांगायचं होतं. सांगायचं मी, असं ठरलं होतं. शब्द जुळवत मी फोन हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात त्याचाच फोन आला. मी "हॅलो" म्हटलं. तो म्हणाला,

"अक्का, अप्पाच्या मातीला लई लोकं आलते का गं?"

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काल सकाळीच. फ्लेक्सचा फोटू बगितलो."

"मग काल बोलला न्हाईस कामून?"

"काय बोलू? मायनं त्या दिवशी लग्नाचं सांगितली, तवा मी हसलो. काल कळलं, ती कसं बोलली आसंल. मी खेळावं म्हणूनच लपवायलाव न्हाई का? मी कळलंय म्हणलो आसतो तर तुमचं समदं वाया गेलं आसतं. अप्पा काय करायलेत म्हणून इचारायला मातर झालं न्हाई गं अक्का. तेवढं नाटक मला न्हाई जमलं."

मी फोन मायकडं दिला. ती काय ऐकते आहे ते आम्हाला कळत नव्हतं. ती नुसती "व्हय... व्हय बाळा..." म्हणत होती. मग तिनं फोन खाली ठेवला, आत्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आता रडा गं." आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.