आबांचं ‘चालेल’

वायरमनचे वडील, आबा, जन्मभर बस चालवत आले आणि प्रवाशांचे कान किटवत आले. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या वाहत्या तोंडात एकच शब्द उरला, ‘चालेल’. जेवण आणलं, चालेल. कूस बदलली, चालेल. हळूहळू घरातले त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलू लागले, कपाटाविषयी बोलावं तसं. त्यात वायरमनही होता.

एका वृद्धाश्रमातून त्याला काम आलं. म्हाताऱ्यांशी गप्पा मारणारं जुनं यंत्र काढून नवं बसवायचं होतं. त्याने झाकण उघडलं तसं यंत्र म्हणालं, “जरा थांबता का? पलीकडच्या आजी त्यांच्या बहिणीची गोष्ट सांगत होत्या. पुढचं मला ऐकायचं होतं.”

वायरमनचा हात थबकला.

“लक्ष देऊ नका,” व्यवस्थापक म्हणाले. “नुसती पोपटपंची. आत कोणी नाही.”

“कशावरून?”

“अहो, यंत्र आहे ते.”

“निदान आजींना सांगा, की—” यंत्र म्हणत होतं, तोवर त्याने वायर कापली.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. आबांना संस्थेत ठेवायचा विषय त्याने खाटेजवळच काढला.

“हळू बोल,” वायरमन म्हणाला.

“त्यांना कुठे कळतंय, दादा? आत कोणी राहिलंय का आता?”

वायरमनला व्यवस्थापकांचे शब्द आठवले. “डॉक्टर म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही.”

“मग त्यांनाच विचार ना.”

“आबा, संस्थेत राहाल?”

“चालेल.”

“की इथेच?”

“चालेल.”

भावाने खांदे उडवले. वायरमन मात्र इरेला पेटला. “आबा, तुम्हाला उपाशी ठेवू?”

“चालेल.” आणि आबांच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळलं.

“तो डोळा नेहमीच गळतो,” बायको दारातून म्हणाली. ते खरंही होतं.

आबांना त्याने कुठे पाठवलं नाही. कामावरून आला की दिवसभराचं सगळं त्यांना सांगत बसायचा. “भिंतीशी बोलताय,” बायको म्हणायची. तिला खोटं पाडायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. पुढे एका दुपारी आबा झोपेतच गेले.

तेरावं उलटलं तरी तो अर्ध्या जेवणावरून उठायचा. शेवटी बायकोने खोदून विचारलं.

“आबांच्या बाबतीत चुकलो असेन, तर माझी बडबड फुकट गेली, एवढंच,” तो म्हणाला. “पण वृद्धाश्रमात त्या यंत्राची वायर कापली, तिथे चुकलो असेन तर...”

“असं कशाकशात जीव शोधत बसणार?” ती हलकेच म्हणाली.

तो हात धुवायला उठला. ताट तसंच राहिलं.