आतल्या वेढ्यातला आवाज

आई गेली त्यानंतर मी हात जोडणं सोडलं होतं. कुणाला सांगून सोडलं नव्हतं. पूर्वी सकाळी दुकान उघडलं की सोल्डरिंग आयर्न कपाळाला लावायचो, कोपऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीला उदबत्ती लावायचो, मग कामाला हात. ते आपोआप बंद पडलं. तसबीर तिथंच होती, मीही तिथंच होतो. आमचं एकमेकांकडे बघणं तेवढं थांबलं होतं.

आमचं गाव भंडाऱ्याच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, जंगलाला लागून. आठवीतून शाळा सुटली, तालुक्याला रेडिओ दुरुस्ती शिकलो आणि पोटासाठी पुण्यात आलो. आई गेल्याचा निरोप बुधवार पेठेतल्या आमच्या दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर आला. रेल्वे, मग एसटी, मग पायी असं करत पोचलो तेव्हा राख थंड झाली होती. घरात तिचा एक फोटो नव्हता, आवाज कुठून असणार? मी रोज लोकांचे टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो आणि माझ्या आईचा एक शब्द कुठं भरून ठेवलेला नाही, हे परतीच्या गाडीत डोक्यात आलं ते जाईना. ती म्हणायची, "देवाले मागू नोको बापू, त्याले समजते." मग त्याला एवढं कसं नाही समजलं, असं वाटत राहिलं. रडू मात्र आलं नाही. तिच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा घडी करून आणला होता, तो खोलीवर उशीखाली असायचा.

दुकानाचे मालक मुनीरभाई. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, त्यामुळे बोलणंही पेठेतलं, मोजकं आणि बोचरं. माझी उदबत्ती बंद झालेली त्यांनी पाहिली होती. मग एकदा माझ्या हातचा सोल्डरचा एक सांधा पुन्हा सुटला तेव्हा म्हणाले, "देवावर रुसलास तर तुझं तू बघ. सोल्डरवर रुसू नकोस, त्याला कळत नाही."

त्या काळात हिंजवडीला कंपन्यांच्या बसगाड्या नुकत्या धावू लागल्या होत्या. दुकानात कॉम्प्युटरचे मॉनिटर आणि सीडी प्लेयर येऊ लागले होते. दोन मोठ्या चकत्यांवर टेप फिरते ती जुनी स्पूलची मशीनं क्वचितच यायची. पण ती आली की मुनीरभाई माझ्याकडे सरकवायचे, कारण मी भित्रा. भित्रा माणूस स्क्रू जपून काढतो, असं त्यांचं मत.

अशा एका दुपारी एक काकू आल्या. त्यांच्या मागून रिक्षावाल्यानं मशीन आणून ठेवलं. काकूंच्या हातात मात्र सोवळ्याच्या रेशमी कापडात बांधलेला स्टीलचा डबा होता आणि तो त्या खाली ठेवायला तयार नव्हत्या. "हात धुतलेत का?" त्यांनी मला विचारलं. मी धुऊन आलो. डब्यात अक्षतांवर टेपचं एक स्पूल ठेवलेलं होतं. वर वाळलेलं फूल, आणि सगळीकडे कुंकू.

काकूंचे यजमान आप्पा जंगल खात्यात होते. तरुणपणी आमच्याच भागात त्यांची नेमणूक होती. तिथं एका खेड्यात त्यांच्या गुरुमहाराजांनी प्रवचन केलं, ते आप्पांनी स्वतः या मशीनवर भरून घेतलं. पुढं मशीन बिघडलं. महाराजांनी देह ठेवला. आवाज तर टाकून देता येत नाही, म्हणून काकूंनी स्पूल देवघरात ठेवलं आणि दर गुरुवारी त्याला हळदकुंकू, फूल, तुपाचं निरांजन सुरू केलं. आता आप्पा अंथरुणाला खिळले होते. बोलणं गेलं होतं, जेवण सुटलं होतं, चमचा नेला तर ओठ मिटून घेत होते. बोलता येत होतं तेव्हा त्यांनी शेवटचं मागितलं ते एवढंच, की महाराजांचा आवाज एकदा कानावर पडू दे.

"मुलगा म्हणतो, आई, हल्ली सगळं सीडीवर मिळतं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, आमचे महाराज नाही मिळत."

मुनीरभाईंनी स्पूल उजेडात धरलं. तूप, काजळी आणि कुंकू टेपच्या कडांना धरून बसलं होतं. "काकू," ते म्हणाले, "अभिषेक नाही घातलात हे उपकारच झाले."

"घालणार होते. ह्यांनी नको म्हटलं."

मशीनचं काम तसं ओळखीचं होतं. आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळला होता, टेप ओढणारं छोटं चाक दगडासारखं झालं होतं. माळ्यावरच्या एका मोडक्या मशीनचं चाक घासून बसवलं. आवाज वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं. खरी धास्ती टेपची होती. स्पिरिट लावून बघितलं तर टोकाचा तपकिरी थर कापसावर उतरला, आणि आवाज त्या थरातच असतो. म्हणजे ओला हात लावायचा नाही. कोरडं कापड धरून, हातानं एकेक वेढा सोडवत, कुंकू तेवढं झाडायचं. बाजारातली कापडं आणली, तर एकाचे धागे सुटत, दुसरं ओरखडे पाडी. मुनीरभाई म्हणाले, "वर्षानुवर्षं धुतलेलं सुती पाहिजे. असं कापड विकत मिळत नाही, घरात असतं."

माझ्या घरात काय होतं, ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी उशीखालचा तुकडा घेऊन आलो.

आईचं कपाळ मी कधी भरलेलं पाहिलं नाही. बाप मी रांगत असताना गेला. त्या दिवशी तिच्या लुगड्याचा तुकडा दोन बोटांत धरून मी टेप त्यातून ओढत होतो आणि ते पांढुरकं कापड लाल होत चाललं होतं. काम थांबवावंसं वाटलं, पण तिकडं आप्पांचे दिवस थांबणारे नव्हते. एक मात्र दिसलं. बाहेरच्या वेढ्यांवर कुंकू दाट होतं, आणि जसजसं आत जावं तसतशी टेप स्वच्छ, नव्यासारखी होती.

"इथं वाजवून बघू नको," मुनीरभाई म्हणाले. "एकदाच वाजेल असं धर. ज्याच्यासाठी आहे त्याच्यासमोर वाजू दे."

नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी मशीन मांडलं, निघेल ते भरून घ्यायला शेजारी कॅसेट डेक जोडला. किती महिन्यांनी कोण जाणे, मी मनात म्हणालो, मला काही येत नाही, तुझं तू बघ. ते म्हणणं प्रार्थनेसारखं नव्हतं, थकल्यासारखं होतं. कळ दाबली.

खरखर आली. त्यातून एक म्हातारा आवाज वर यायचा आणि बुडायचा. एखादा अभंगाचा तुकडा, एखादं "बाळांनो", की पुन्हा खरखर. जिथं जिथं कुंकू मुरलं होतं तिथं तिथं महाराज नव्हते. काकू हात जोडून उभ्या होत्या. इतक्या गुरुवारांच्या पूजेनं काय केलं ते त्यांना समजत होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आप्पांची पाठ हलली नाही. पुढं शब्द हळूहळू स्वच्छ होत गेले, पण तोवर प्रवचन संपत आलं होतं. जयघोष झाला. मी बंद करायला हात पुढं केला.

"असू दे," काकू पुटपुटल्या. "संपू दे आपोआप."

टेप फिरत राहिली. आप्पा त्या दिवशी मशीन बंद करायला विसरले असावेत. माणसं उठल्याचे, भांड्यांचे आवाज आले, अगदी खोलीत असल्यासारखे. आणि मग माइकजवळ एक बाई बोलली. "साहेब झाला म्हनून का झालं? उपाशी नोको जाजो बापू. दोन घास खाऊन घे गा."

एक तरणा, मोकळा आवाज हसला, आप्पांचा तेव्हाचा. "जेवतो माय, जेवतो. आधी हे मशीन..." आणि खट्‌ झालं. कोरी टेप सरली, तिचं टोक चकतीवर फडफडत राहिलं.

ती माझी आई नव्हती. ते गाव आमच्या गावापासून लांब होतं, आणि ती बाई कोण हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण मी घर सोडलं तेव्हा दाराशी मला हेच शब्द, याच चालीत ऐकू आले होते. मी ताठ उभा राहिलो. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, हे बघा." आप्पांनी मान वळवली होती. डोळे मिटलेलेच होते, पण ओठ उघडले होते. काकूंनी धावत जाऊन भाताची पेज आणली. एक चमचा गेला. दुसरा गेला. तिसरा ओघळला, तो त्यांनी पदरानं टिपला.

मी गॅलरीत गेलो आणि कठड्याला धरून रडलो. गावी चितेच्या जागी उभा होतो तेव्हा जे आलं नव्हतं ते सगळं आलं. बऱ्याच वेळानं मागून काकूंचा आवाज आला. "मिस्त्री, पान वाढलंय. उपाशी जाऊ नका. आत्ताच ऐकलंत ना?" त्यांचेही डोळे लाल होते. वरण-भातच होता. आई गेल्यानंतर अन्नाची चव मला त्या दिवशी पहिल्यांदा लागली.

आप्पा त्याच आठवड्यात गेले. काकू पुन्हा दुकानात आल्या, त्या दिवशीच्या कॅसेटची एक प्रत तुमच्यासाठी करून घ्या म्हणाल्या. "महाराजांचं जेवढं आलं तेवढं आमचं," त्या म्हणाल्या, "शेवटचं ते तुमचंही आहे." जाताना हळूच विचारलं, "माझंच चुकलं का हो?" मुनीरभाई म्हणाले, "काकू, तुम्ही डब्यात ठेवलं म्हणून शेवटचं तरी वाचलं. कपाटात असतं तर बुरशीनं सगळंच खाल्लं असतं."

यात चमत्कार आहे का, हे ठरवण्याइतकी माझी अक्कल नाही. आप्पांनी मागितला होता गुरूंचा आवाज. मी काहीच मागितलं नव्हतं, रुसून बसलो होतो. आम्हा दोघांनाही मिळालं ते एका अनोळखी मायेचं जेवायला बोलावणं. लुगड्याचा तो तुकडा मी धुतला नाही. कुंकवासकट दत्ताच्या तसबिरीमागं ठेवला आहे, आणि उदबत्ती पुन्हा लावतो. आता कुणाचंही स्पूल वाजवताना शेवटचा शब्द झाला म्हणून मी कळ दाबत नाही. हात मांडीवर ठेवून बसतो. टेप सरून टोक फडफडेपर्यंत.