उशिरा उमटलेला डाग

नागपुरात राहून उन्हाचं कौतुक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. मे महिन्यात सगळं शहर कूलरपुढे आडवं झालेलं असताना हे डोक्याला दुपट्टा बांधून लोकांच्या भिंतींना तळहात लावत हिंडायचे. आत पोकळी असली की वरचा थर लवकर तापतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा पुतणीसाठी स्थळ पाहायला गेलो, तर चहा यायच्या आत हे उठले, पश्चिमेची भिंत चाचपून आले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "तुमचं प्लास्टर सुटून राहिलं, बरं का." स्थळ गेलं. पोळ्याच्या सुमारास प्लास्टरही गेलं, आणि ही बातमी साडूंनी घरोघर जाऊन दिली.

भिंतींनी भागेना म्हणून घरात आलेखाच्या कागदांचे गठ्ठे साचले होते. लोखंडाच्या जाड पत्र्याचे ते कागदावर शेकडो चौकोन पाडत. एका बाजूनं ऊब दिली की ती चौकोनाचौकोनातून कशी झिरपते, मध्ये लपलेली भेग आली की कशी तटते, याचं गणित पेन्सिलीनं चाले. पुढे कॉलेजात कॉम्प्युटर आला आणि तेच गणित भोकं पाडलेल्या कार्डांवर चढलं. "प्रत्येक चौकोन म्हणजे चार शेजाऱ्यांची सरासरी," असं त्यांनी जेवताना समजावलं, तेव्हा मेहुणीबाई म्हणाल्या, "मंग शेजारी तरी चांगले पाहाचे होते."

आणि एका वर्षी कॉलेजाला उष्णता पाहणारा कॅमेरा आठ दिवसांसाठी उसना मिळाला. त्याला थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागे, आणि तो मिळे फक्त गाईंच्या कृत्रिम रेतन केंद्रात, कारण तिथं वळूंचं वीर्य त्यातच गोठवून ठेवतात. स्कूटरवर मागे थर्मास धरून मी बसलो होतो. तिथल्या माणसानं सवयीनं विचारलं, "जर्सी पाहिजे का गीर?" साडू म्हणाले, "नुसता गारवा द्या. बैल राहू द्या."

तो कॅमेरा घेऊन आम्ही काटोलला संत्र्याच्या रसाच्या एका कारखान्यात गेलो. तिथल्या वाफेच्या टाकीचा पत्रा त्यांना तपासायचा होता. मोठे दिवे लावून पत्रा क्षणभर तापवला, आणि पडद्यावर लगेच पांढरा डाग! साडूंनी बोट दाखवलं, फोरमननं फडकं फिरवलं, डाग पुसला गेला. कोणाच्या तरी तेलकट हाताचा होता. सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

"काहून हसून राहिले? वरचा डाग लगेच दिसते. खोलचा उशिरा येते. पुन्हा तापवा." पत्र्याच्या मधोमध भेग असली तर ती सहाव्या सेकंदाला दिसेल, असं साडूंच्या कार्डांनी सांगितलं होतं. पुन्हा दिवे लागले. चार, पाच, आणि सहाव्याला एक अंधुक, कडा विरघळलेला ठिपका वर आला. फोरमननं तिथं हातोडी मारली. "ठणठणीत आहे, सर."

"कापा," साडू म्हणाले.

मालक भडकला. "सोमवारी हंगाम चालू करायचा आहे. तुमच्या ठिपक्यापायी टाकी कापू?"

साडूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. फोरमनला विचारलं, "वाफ चालू असली की इथं कोण उभं राहते?"

"मीच, जी."

"मंग तुम्हीच सांगा."

फोरमन जाऊन गॅसकटर घेऊन आला. ज्वाला पेटली तसे साडू बाहेर गेले आणि संत्र्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, "पाहायला चला ना." मान न वळवता ते म्हणाले, "मले नुसतं सांगा."

बऱ्याच वेळानं आतून ओरड आली, "हाय जी, सर! पत्रा मधून दोन पदरी झाला हाय!"

साडू होते तिथंच मातीत बसले. "साडभाऊ," ते हळूच म्हणाले, "मले वाटलं, नसंलच."

इतकी वर्षं आम्ही त्यांच्या खात्रीला हसत आलो होतो. ती खात्री इतकी एकटी असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. माझा थांबा आला, मागे पडला. मी त्यांना उठवलं नाही.