नरोलीच्या चाळीतली बारापैकी बारा गुणांची पिशाच्चीण

माझी पीएच.डी. युरोपातल्या नरलांडग्यांवर आणि रक्तपिपासू पिशाच्चांवर आहे. नाशकात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग लग्नाचं विचारतात. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता, आणि ऐनवेळी माझ्या मार्गदर्शक बाईंनी फर्मान काढलं, "एक प्रकरण आपल्या मातीतलं हवं. नाहीतर सहा महिन्यांची मुदतवाढ माग." सिल्वासात माझी मैत्रीण शुभांगी सरकारी शाळेत शिकवते. ती म्हणाली, "ये, इथे चार राज्यांची भुतं एका चाळीत राहतात." मी लगेच पिशवी भरली.

नाशिकहून पेठमार्गे एसटी मिळते. सकाळची धरा, दुपारच्या जेवणापर्यंत पोचता. भाद्रपदात कपराड्याचा घाट इतका हिरवा असतो की खड्डे माफ करावेसे वाटतात, पण पोट माफ करत नाही. उलटीची गोळी आधीच घ्या. मी घेतली नव्हती. नाना पोंढ्याला चहा प्यायले आणि पुढचा प्रवास डोळे मिटून केला.

शुभांगीने संध्याकाळी सेव-उसळ खाऊ घातली (तिखट आहे, लिंबू मागून घ्या) आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, शेअर रिक्षात बसवून नरोलीला पाठवलं. तिथे कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. एकेका पत्र्याखाली दहा-बारा दारं, समोर एक नळ. शहाद्याच्या मंगलाबाई नळावर भांडी घासत होत्या. मी माझा फॉर्म काढला. पिशाच्च ओळखण्याच्या बारा खुणा, युरोपातल्या कथांतून वेचून मी स्वतः मराठीत आणलेल्या. खाली कॉलेजचा गोल शिक्का; तो मी मागून आणून पिशवीतच ठेवला होता.

"असं कोणी ऐकलंय का, जे दिवसा बाहेरच पडत नाही?"

मंगलाबाईंनी हात पुसले. "आयकानं कशाले? सात नंबरमा शे ना. सुनंदा. दिनभर झोपेल राहस."

"लसूण?"

"शिवत नही."

"चेहरा फिकट? डोळे लाल?"

"मिरचीगत लाल!"

"बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात येत नाही?"

"कधीच नही. भलती घमेंड शे तिले."

आरसा? खोलीत नाही. बारापैकी बारा! युरोपात एवढ्या नमुन्यासाठी लोक डोंगर पालथे घालतात आणि मला तो नळावर सापडला. संशोधनाच्या नियमाप्रमाणे उत्तरं देणाऱ्याला एक प्रत द्यायची असते. ती मी मंगलाबाईंना दिली, शिक्क्यासकट. यापेक्षा मोठा गाढवपणा मी आयुष्यात केलेला नाही.

सोमवारी सकाळी सुनंदाला भेटायचं म्हणून पुन्हा गेले, तर सात नंबरसमोर गर्दी. खोल्यांचे मालक मंगलाबाईंना दिलेला फॉर्म हातात घेऊन उभे होते, आणि दारात एक किडकिडीत बाई जांभया देत होती.

"मॅडम, तमे आव्या, सारूं थयुं," मालक म्हणाले. "सिक्को लाग्यो छे. हवे हुं शुं करूं? बीजा भाडूत घाबरते. आजच खोली खाली करायला सांगितला मी."

तीच सुनंदा. सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात रात्रपाळीला. रात्रभर दिव्याखाली बॉबिनच्या रिळांवरचे तुटके तंतू शोधायचे, म्हणून डोळे लाल. चातुर्मास पाळते, म्हणून लसूण बंद. आरसा खोली बदलताना फुटला. कंपनीची बस याच नाक्यावर येते. खोली गेली तर नोकरीही जाणार. हे सगळं तिने मला दोन वाक्यांत सांगितलं, कारण ती पाळी संपवून आली होती आणि अजून झोपली नव्हती.

मी फॉर्म परत मागितला. मंगलाबाई म्हणाल्या, "ती मन्ही प्रत शे." मी मालकांना सांगितलं की या खुणा परदेशी गोष्टींतल्या आहेत, खोट्या आहेत. ते म्हणाले, "खोट्याला कोण सिक्को मारे?"

तेव्हा सुनंदा म्हणाली, "मॅडम, कोरा फॉर्म आहे का? मलाबी भरायचाय. मी पाहेल आहे असला जीव."

मी चष्मा सारखा करून पेन काढलं.

"लिहा. दिवसाढवळ्या येतो. गोड बोलतो. रक्ताचंच विचारतो. अंगाला लसणाचा वास नाही, सेंटचा आहे. चष्मा घालतो. एकदा येऊन गेला की माणसाची झोप जाते आणि राहतं घर सुटतं."

नळावर हशा पिकला. मंगलाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. माझे कान तापले, पण मी शब्दन् शब्द लिहिला, सही केली आणि सगळ्यांसमोर शिक्का मारला. मालकांनी दोन्ही कागद शेजारी धरून शिक्क्याला शिक्का ताडून पाहिला.

"बे सिक्का थया," ते शेवटी म्हणाले. "एक आ बेननो, एक मॅडमनो. बराबर थई गयुं. खोली राहू दे." कचेरीत दोन अर्ज एकमेकांना रद्द करतात, तसं काहीसं त्यांच्या मनात असावं. मंगलाबाईंचा कागद मालकांनीच फाडला आणि दुसरा सुनंदाला दिला.

सुनंदाने मला आत बोलावलं आणि कांदा न घालता पोहे केले. मी खात होते तेव्हा ती त्या फॉर्मवर काहीतरी खरडत होती. मग घडी घालून तिने तो माझ्या पिशवीत टाकला, नाक्यापर्यंत आली, मला थेट एसटी स्टँडवर सोडायला रिक्षावाल्याला बजावलं आणि झोपायला निघून गेली. दुपारच्या एसटीने मी नाशिकला परतले. या वेळी गोळी घेऊन.

मार्गदर्शक बाईंना सगळं सांगितलं. त्या हळहळल्या, "बारापैकी बारा! नाव बदलून घालता आलं असतं गं." मी नाही म्हटलं आणि मुदतवाढीचा अर्ज दिला. सहा महिने हातचे गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण एका दमलेल्या बाईला मी नुसतं कुतूहलापायी बेघर करत होते, त्याची लाज जास्त वाटते.

सुनंदाला पत्र लिहून आभार मानावेत म्हणून काल पत्ता बघायला तिचा फॉर्म उघडला. शेवटचा प्रश्न माझाच होता: 'अशा जीवापासून बचाव कसा करावा?' खाली तिच्या अक्षरात उत्तर होतं.

'पोहे खाऊ घालावे. गाडीत बसवून द्यावं. फोन नंबर देऊ नये.'